पत्रा पातळ केला आणि बोट दबली : विल्हेल्म बाउअरची गोष्ट

तुमच्या फोनच्या खोक्यावर आयपी६८ असं काहीतरी छापलेलं असेल. खाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा १.५ मीटर, ३० मिनिटं असंही असतं. म्हणजे दीड मीटर खोल पाण्यात अर्धा तास चालेल, असा कंपनीचा दावा. आता एक साधा हिशोब करू. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढतो. दीड मीटरवर तो ०.१५ किलो. फोनचा पुढचा भाग १५ बाय ७ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ १०५ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं जवळपास १६ किलो. दीड मीटरवर तुमच्या स्क्रीनवर १६ किलो वजन बसलेलं असतं. मागच्या बाजूलाही तेवढंच.

फोन ते सहन करतो, कारण तो लहान आहे आणि आतून गच्च भरलेला आहे. आता फोनच्या जागी खोलीएवढा पोकळ लोखंडी डबा घ्या, त्यात तीन माणसं बसवा आणि दीडऐवजी १७ मीटर खाली न्या. हे खरंच घडलंय, १ फेब्रुवारी १८५१ ला, जर्मनीतल्या कील बंदरात. आत बसलेल्या तिघांपैकी एकाने ती बोट डिझाइन केली होती. वय २८, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. नाव विल्हेल्म बाउअर.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पण पाण्याखाली जाणाऱ्या वस्तूंचं वेड कॉलेजपासून आहे, आणि घरगुती पाणबुडीबद्दल वाचायला लागलं की बाउअर वाटेत भेटतोच. यूट्यूबवर त्याच्याबद्दल असतं ते फार तर दोन मिनिटांचं: पाणबुडी बुडाली, तिघे वाचले, संपलं. मला मात्र ती का बुडाली आणि ते का वाचले, या दोन प्रश्नांनी धरून ठेवलं. दोन्हींचं उत्तर एकच आहे, पाण्याचा दाब. पहिल्या वेळी पत्रा पातळ करताना तो कमी धरला गेला. दुसऱ्या वेळी बाउअरने तो बरोबर ओळखला.

लाकूड कातणारा सैनिक

बाउअरचा जन्म २३ डिसेंबर १८२२ चा, बव्हेरियातल्या डॅन्यूब नदीकाठच्या डिलिंगेन गावातला. शिक्षण म्हणाल तर लेथवर लाकूड कातायचं, म्हणजे आपल्याकडच्या कातारी कामासारखं. पुढे तो बव्हेरियाच्या सैन्यात गेला आणि तोफखान्यात पोचला. कॉलेजची इंजिनिअरिंग डिग्री वगैरे काही नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. हाताने वस्तू घडवणाऱ्या माणसाला पत्र्याची जाडी बोटांनी कळते, पण मोठ्या पोकळ वस्तूवर चहूबाजूंनी दाब आला की काय होतं हे बोटांना कळत नाही. त्यासाठी गणित लागतं, आणि ते गणित तेव्हा जगात कुणाकडेच नीट नव्हतं.

१८४९ मध्ये त्याची तुकडी उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये गेली. या प्रदेशावरून डेन्मार्कशी लढाई चालू होती. डेन्मार्कचं आरमार भक्कम होतं, जर्मनांकडे म्हणण्यासारखं आरमारच नव्हतं. डॅनिश जहाजं किनाऱ्यासमोर उभी राहून नाकेबंदी करायची आणि जमिनीवरचे सैनिक बघत बसायचे. बाउअरच्या डोक्यात तिथे कल्पना आली, की पाण्याखालून जाऊन जहाजाच्या बुडाला स्फोटकं लावायची. बोटीचा आकार त्याने सील या समुद्री प्राण्यावरून घेतला, असं सांगतात.

त्याने बव्हेरियाची नोकरी सोडली आणि श्लेस्विग-होल्स्टाइनच्या सैन्यात दाखल झाला. १८५० मध्ये आधी हातभर लांबीचं एक छोटं मॉडेल केलं. ते पाण्यात बुडायचं, चालायचं, वर यायचं. ते बघून वरिष्ठांचा विश्वास बसला.

इथे थोडं थांबतो, कारण घरी छोटी पाणबुडी करणारे सगळे इथेच फसतात. मॉडेल चाललं म्हणजे मोठी बोट चालेल का? दाबाच्या बाबतीत नियम असा: पत्र्याची जाडी आणि नळकांड्याची त्रिज्या यांचं प्रमाण तेच ठेवलं, तर छोटं आणि मोठं दोन्ही सारख्याच खोलीवर पिचकतं. पण प्रमाण तेच राहत नाही. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या मॉडेलला १ मिलिमीटरचा पत्रा लावला, तर १ मीटर त्रिज्येच्या बोटीला १० मिलिमीटरचा लागेल. मॉडेलचा पत्रा स्वस्त असतो, बोटीचा नसतो. शिवाय मॉडेलची चाचणी होते हातभर पाण्यात. तिथे दाब नावाला असतो. म्हणजे मॉडेल पास झालं ते बुडणं-तरंगणं या विषयात. मजबुतीचा पेपर त्याने दिलाच नव्हता.

बजेट कमी पडलं

बोट कीलच्या श्वेफेल आणि होवाल्ट कारखान्यात तयार झाली. नाव ब्रांडटाउखर, अर्थ साधारण आग लावणारा पाणबुड्या. लांबी सुमारे ८ मीटर, रुंदी २ मीटर, उंची अडीच मीटरच्या वर, वजन तीसेक टन. आत पायाने फिरवायचं मोठं चाक होतं. दोन माणसं ते चालवणार आणि मागचा पंखा फिरणार. बाउअर सुकाणूवर. पुढच्या टोकाला रबरी हातमोजे बसवलेले होते. आतून हात घालायचे आणि बाहेर शत्रूच्या जहाजाला स्फोटकं चिकटवायची.

पैसा कुठून आला? सरकारकडे फारसा नव्हताच. बराचसा सैनिकांकडून गोळा झालेल्या वर्गणीतून आला. गणपतीची वर्गणी कमी पडली की मंडळ काय करतं? मूर्ती तीच राहते, मांडवात काटछाट होते. इथेही तेच झालं. बोटीचा आकार तोच राहिला, पण मूळ डिझाइनपेक्षा पत्रा बराच पातळ घेतला आणि आतल्या फासळ्या कमी केल्या. सगळ्यात घातक कपात म्हणजे बुडण्यासाठी पाणी भरायच्या वेगळ्या टाक्याच काढून टाकल्या. पाणी थेट बोटीच्या तळात, माणसांच्या पायांखाली सोडायचं ठरलं.

कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही ही मीटिंग ओळखीची वाटेल. फीचर काढता येत नाहीत, कारण ती दिसतात. तारीख हलत नाही. मग काय कापतात? जे दिसत नाही ते: टेस्टिंग, बॅकअप, मार्जिन. ब्रांडटाउखरमध्ये चाक दिसत होतं, हातमोजे दिसत होते. पत्र्याची जाडी दिसत नव्हती.

पातळ म्हणजे नक्की किती कमजोर?

आता खरा मुद्दा. बहुतेकांना वाटतं की पत्रा निम्मा केला तर ताकद निम्मी होईल. बाहेरून दाबल्या जाणाऱ्या पोकळ वस्तूला हे लागू नाही.

घरी करून बघा. पाण्याची पातळ प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या आणि तोंडाने आतली हवा ओढा. बाटली सगळीकडून सारखी लहान होत नाही. एखादी बाजू अचानक आत जाते, घडी पडते आणि बाटली चपटी होते. प्लॅस्टिक फाटलेलं नसतं, तुटलेलं नसतं. आकाराने साथ सोडलेली असते. याला बकलिंग म्हणतात. पाणबुडी जवळजवळ नेहमी अशीच जाते. धातू चिरडला जाण्याच्या खूप आधी आकार पिचकतो.

आकड्यांत बघू. २ मीटर व्यासाचं लांब लोखंडी नळकांडं घ्या, ६ मिलिमीटर पत्र्याचं, आत एकही फासळी नाही. नुसता धातूवरचा ताण मोजला तर १७ मीटर खोलीवर तो लोखंडाच्या सहनशक्तीच्या पाव भागाहूनही कमी येतो. म्हणजे काही काळजी नाही असं वाटतं. पण बकलिंगचं सूत्र लावलं तर हेच नळकांडं साधारण १ मीटर खोलीवर पिचकतं. एक मीटर! आपल्या कमरेएवढ्या पाण्यात. कारण या सूत्रात जाडीचा घन येतो. जाडी दुप्पट केली तर ताकद आठपट, म्हणजे ९ मीटरच्या आसपास. उलट जाडी निम्मी केली तर ताकद एक-अष्टमांश.

मग पाणबुड्या चालतात कशा? फासळ्यांमुळे. बांबू बघा. आतून पोकळ, भिंत पातळ, पण दर वीतभर अंतरावर पेर असतं. पेर नळीला चपटी होऊ देत नाही. गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीला गोल गोल कडा असतात, त्यांचंही काम तेच. आपल्या त्याच ६ मिलिमीटरच्या नळकांड्यात दर अर्ध्या मीटरला भक्कम गोल फासळी घातली, तर सूत्राप्रमाणे पिचकायची खोली १ मीटरवरून थेट शंभरेक मीटरवर जाते. हे कागदावरचं. प्रत्यक्षात गोलाई थोडी जरी चुकली, जोड जरा जरी वाकडा झाला, तरी त्यातला मोठा हिस्सा जातो. पण दिशा लक्षात घ्या. फासळ्यांमधलं अंतर दुप्पट केलं की ताकद जवळपास निम्मी होते. पत्रा निम्मा केला की फासळ्या असूनही पाचपट-सहापट घटते. दोन्ही एकदम केलं तर एकेका कपातीचा फटका दुसऱ्याशी गुणला जातो.

त्यात ब्रांडटाउखर गोल नव्हतीच. ती उंच आणि अरुंद होती. गोल नळीत दाब सगळीकडून येऊन एकमेकांना तोलतो. सपाट बाजूला तसा आधार नसतो, ती सरळ आत वाकते.

हे मी स्वतः पाहिलंय, माणसं न बसवता, सुदैवाने. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही कॅमेऱ्यासाठी ॲक्रिलिकचा चौकोनी डबा केला, २० सेंटिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीच्या शीटचा. मित्राच्या शेतातल्या विहिरीत ६ मीटर सोडला. मी हिशोब केला होता, शीट तुटणार नाही असा. शीट तुटली नाहीच. पण प्रत्येक बाजूवर २४० किलो आले, बाजू मधोमध काही मिलिमीटर आत वाकली, कडेचं सीलिंग उघडं पडलं आणि डबा भरून वर आला. कॅमेरा गेला. पुढच्या वेळी प्लंबिंगचा जाड पीव्हीसी पाइप कापून घेतला, दोन्ही टोकांना जाड गोल झाकणं लावली. तो त्याच विहिरीत तळापर्यंत जाऊन कोरडा आला. साहित्य आधीपेक्षा स्वस्त होतं. फरक फक्त आकाराचा.

बाउअरला हे कळायला हवं होतं का? न्याय्य बोलायचं तर नाही. बाहेरून दाब आल्यावर नळ्या कशा पिचकतात याचे पहिले पद्धतशीर प्रयोग इंग्लंडमध्ये विल्यम फेअरबेर्नने केले, तेही पाणबुडीसाठी नाही, वाफेच्या बॉयलरमधल्या नळ्या फुटायच्या म्हणून. ते प्रसिद्ध झाले १८५८ मध्ये, कीलच्या अपघातानंतर सात वर्षांनी. फेअरबेर्नला असं आढळलं की नळी जितकी लांब आणि जितकी रुंद तितकी ती कमजोर, आणि जाडीचा परिणाम वर्गापेक्षाही थोडा जास्त. फासळ्यांच्या मधल्या पत्र्याचं नीट सूत्र यायला तर १९१४ उजाडलं. बाउअरकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे अंदाज होता, आणि त्या अंदाजाने ठरवलेली जाडी पैशाअभावी कमी झाली होती.

१ फेब्रुवारी १८५१

तोपर्यंत लढाई जवळजवळ संपलेली होती. तरी चाचणी ठरली. सकाळी बाउअर आणि त्याचे दोन साथीदार, विट आणि टॉमसेन, आत शिरले. झाकण बंद झालं. पाणी आत सोडलं, बोट खाली जायला लागली.

आणि टाक्या नसल्याची किंमत लगेच कळली. परातीत पाणी घेऊन चालताना परात जराशी कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. बोटीच्या तळातलं मोकळं पाणी तसंच मागच्या टोकाला धावलं. मागची बाजू खाली गेली, त्यामुळे आणखी पाणी मागे, त्यामुळे आणखी खाली. तोल सावरण्यासाठी ठेवलेलं लोखंडी वजनही घसरलं. बोट शेपटीवर बुडत गेली. खोली वाढली तसा दाब वाढला आणि मागच्या बाजूचा पत्रा आत दबला. पायाने फिरवायच्या चाकाची व्यवस्था निकामी झाली, जोडांमधून पाणी यायला लागलं. बोट १६ ते १८ मीटर खाली तळावर जाऊन बसली.

१७ मीटर धरू. दर चौरस सेंटिमीटरला १.७ किलो. एक चौरस मीटर पत्र्यावर १७ टन, म्हणजे प्रवाशांनी भरलेल्या एसटी बसएवढं वजन, प्रत्येक चौरस मीटरवर एक एक बस. पंप होते, पण त्या दाबाविरुद्ध पाणी बाहेर ढकलणं माणसाच्या हातांना शक्य नव्हतं.

झाकण उघडून बाहेर पडायचं म्हणाल, तर झाकण अर्धा मीटर बाय अर्धा मीटर धरलं तरी त्यावर सव्वाचार टन वजन होतं. तीन माणसांनी कितीही जोर लावला तरी काही होणार नव्हतं.

पाणी आत येऊ द्या

इथून पुढचा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला होता.

बाउअरने ओळखलं की झाकण वजनामुळे अडकलेलं नाही, फरकामुळे अडकलं आहे. बाहेर दाब जास्त, आत कमी. तो फरक संपला तर झाकण हाताने उघडेल. फरक संपवायचा एकच मार्ग होता: आणखी पाणी आत घ्यायचं. पाणी आत येईल तशी कोंडलेली हवा दाबली जाईल, तिचा दाब वाढत वाढत बाहेरच्या दाबाएवढा होईल.

शाळेतला बॉइलचा नियम आठवतो? तापमान तेच असेल तर दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं होतं. १७ मीटरवर एकूण दाब, वरचा वातावरणाचा धरून, साधारण २.७ वातावरण. म्हणजे आतली हवा मूळच्या ३७ टक्के जागेत येईपर्यंत पाणी भरायला हवं. बोटीचा जवळपास दोन-तृतीयांश भाग बुडवायचा, आणि तोही स्वतः, फेब्रुवारीतल्या बाल्टिकच्या बर्फासारख्या पाण्याने, उरलेल्या हवेत तोंड वर धरून.

साथीदारांना हे पटेना, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. बुडणाऱ्या बोटीत पाणी सोडू नका, हेच कुणीही म्हणेल. पंप मारत राहायचा, वरून मदत येईल, असं त्यांना वाटत होतं. मदत येतही होती. वरून लोक साखळ्या आणि नांगर टाकून बोट पकडायचा प्रयत्न करत होते. आतल्यांना भीती ही की एखादा नांगर झाकणावर बसला तर सुटायचा शेवटचा रस्ताही बंद. तास जात होते. तीन माणसांच्या श्वासाने हवा खराब होत होती. दाब वाढला की रक्तात जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाणही वाढतं. डोकं दुखतं, विचार सुचत नाही. अशा वेळी बाउअर त्यांना पटवत बसला होता.

शेवटी पाणी पुरेसं वर आलं. दाब सारखा झाला आणि झाकण उघडलं. कोंडलेली हवा मोठ्या बुडबुड्यासारखी वर सुटली आणि तिच्याबरोबर तिघे माणसं. सकाळी खाली गेलेले तिघे दुपारी जिवंत वर आले. बुडालेल्या पाणबुडीतून माणसं सुटल्याची ही पहिली नोंदलेली घटना मानतात.

नंतरच्या काळात जगभरच्या पाणबुड्यांत जी सुटकेची कोठी आली, तिचं मूळ तत्त्व हेच आहे: आधी ती कोठी पाण्याने भरायची, दाब समान करायचा, मग बाहेरचं झाकण उघडायचं. आणि वर जाताना श्वास सोडत राहायचा. कारण खाली दाबून भरलेली छातीतली हवा वर येताना फुगते, श्वास रोखून धरला तर फुप्फुसं फाटू शकतात.

दारोदार

बोट तळावरच राहिली. वर काढायचे प्रयत्न फसले, आणि ज्यांच्यासाठी ती बांधली ते सैन्यही राहिलं नाही. बाउअर कल्पना घेऊन बव्हेरिया, ऑस्ट्रिया, इंग्लंड असा फिरला. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने रस घेतला, जहाजबांधणीतला मोठा माणूस जॉन स्कॉट रसेल याच्याशी गाठ पडली, पण काम त्याच्या हातून निसटलं. या वर्षांवर फार लिहिण्यासारखं नाही. स्टार्टअपवाले पिच डेक घेऊन फिरतात तसाच प्रकार.

रशियाने त्याला संधी दिली. क्रिमियाचं युद्ध चालू होतं. सेंट पीटर्सबर्गला त्याची दुसरी बोट झाली, झेटॉयफेल, म्हणजे समुद्री सैतान. लांबी सुमारे १६ मीटर, पहिल्या बोटीच्या दुप्पट. आणि या वेळी पाण्यासाठी आत वेगळ्या बंद टाक्या होत्या. परातीतलं पाणी आता झाकणाच्या डब्यात गेलं होतं. या बोटीने क्रोनश्टाटच्या बंदरात १३० हून जास्त बुड्या मारल्या. कीलला पहिल्याच मोठ्या चाचणीत तळ गाठणाऱ्या माणसाच्या नावावर १३० बुड्या! १८५६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याच्या राज्याभिषेकाच्या दिवशी बाउअरने बोटीत वादक नेले आणि पाण्याखाली राष्ट्रगीत वाजवलं. पाण्यातून आवाज चांगला जातो, त्यामुळे बंदरातल्या जहाजांवर ते ऐकू आलं. मार्केटिंग म्हणून आजही हे चालेल.

शेवटी एका बुडीत पंखा तळाशी अडकला आणि तीही बोट बुडाली. माणसं पुन्हा वाचली. पण रशियात त्याचं पुढे जमलं नाही आणि तो परत आला.

त्यानंतरचं एक काम मला पाणबुड्यांइतकंच आवडतं. १८६१ मध्ये लुडविग नावाची आगबोट दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बोडन्झे तलावात बुडाली होती, १३ माणसं गेली होती. बाउअरने ती हवेने वर काढली. बुडालेल्या बोटीला पिशव्या आणि पिंपं बांधायची आणि त्यांत पंपाने हवा भरायची. यात पुन्हा तोच बॉइल. खाली भरलेली हवा वर येताना फुगत जाते, म्हणजे उचलण्याची ताकद वर येताना वाढते, आणि जास्तीच्या हवेला वाट ठेवली नाही तर पिशवी फाटते. खटपट लांबली, पण जुलै १८६३ मध्ये लुडविग पाण्यावर आली. कीलमध्ये ज्या नियमाने त्याला बाहेर काढलं, त्याच नियमाने त्याने अख्खं जहाज बाहेर काढलं.

त्यानंतरही तो डिझाइनं करत राहिला. बांधून कुणी दिलं नाही. शेवटची वर्षं आजारपणात गेली आणि २० जून १८७५ रोजी म्युनिकमध्ये तो वारला, वयाच्या ५२ व्या वर्षी.

आजचे आकडे

घरच्या घरी छोटी पाणबुडी करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: कॅमेरा घाला, सेन्सर घाला, माणूस घालू नका. गोल पाइप घ्या, चौकोनी डबा नको. झाकणं पाइपपेक्षा बरीच जाड ठेवा, कारण ती सपाट असतात. आणि आधी रिकामी, दोरी बांधून, जिथे वापरणार त्याच्या दीडपट-दुप्पट खोलीवर तासभर ठेवून बघा. मग महागडं सामान आत ठेवा.

माणसं घेऊन जाणाऱ्यांचा हिशोब वेगळाच असतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत मत्स्य ६००० या वाहनाचं काम चालू आहे. तेही तीन माणसांचं, ब्रांडटाउखरसारखंच, पण जायचंय ६००० मीटर खाली. माणसं बसतात तो गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, व्यास २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर. रुंदी ब्रांडटाउखरएवढीच. आकार गोळ्याचा, कारण बाहेरून येणाऱ्या दाबाला गोळ्यापेक्षा चांगला आकार नाही. तिथे दाब असेल दर चौरस सेंटिमीटरला ६०० किलोच्या वर. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर ६० टनांहून जास्त.

जून २०२३ मध्ये टायटॅनिक बघायला निघालेली टायटन ही पाणबुडी पाच माणसांसह दाबाने चिरडली गेली, तेव्हा बातम्यांत सगळे कार्बन फायबरबद्दल बोलत होते. तिथे बाउअरसारखं पाणी आत घेऊन वाट बघायला वेळच नसतो. त्या खोलीवर आकाराने साथ सोडली की डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं संपतं. कीलच्या १७ मीटरवर पत्रा दबला, तरी बोट फुटली नाही, जोडांतून पाणी हळूहळू आलं. उथळ पाण्याने त्या तिघांना विचार करायला काही तास दिले.

ब्रांडटाउखर ३६ वर्षं तळाशी पडून होती. १८८७ मध्ये बंदरातल्या कामात ती सापडली आणि वर काढली गेली. ती आजही आहे, ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात, जगात टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या पाणबुड्यांपैकी एक. आणि उत्तर जर्मनीत ब्रेमरहाफेनला दुसऱ्या महायुद्धातली एक पाणबुडी संग्रहालय म्हणून उभी आहे. १९४५ मध्ये तिच्याच खलाशांनी ती बुडवली होती, १९५७ मध्ये तिला तळावरून वर काढून दुरुस्त केलं आणि चाचण्यांसाठी वापरलं. वर काढल्यावर तिला नवं नाव दिलं: विल्हेल्म बाउअर.